एडिथ गॅरडवर मराठी नाटक करायचं आहे. खानदेशात चालेल का आणि स्टेजवर जुजुत्सू कसं बसवायचं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. एडिथ गॅरड म्हणजे शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांना जुजुत्सू शिकवणारी बाई; अशा इंग्रज बाईचं नाटक आपल्याकडच्या तालुक्याच्या गावात लोक बघतील का, जुजुत्सू या जपानी झुंजविद्येचा ज पण माहीत नसलेल्या मुलींकडून ते करून कसं घ्यायचं, आणि एडिथला सरळ मराठी बाई करून टाकलं तर सोपं जाईल का. जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी हे नाटक बसवलं आहे. मी कॉलेजात असताना ज्युदो खेळायचे, नंतर हौशी रंगभूमीवर आले, म्हणून सविस्तर लिहिते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नका करू. एडिथला नऊवारी नेसवली की नाटकाचा कणाच जातो. ती त्या शहराशी, त्या पोलिसांशी आणि त्या एका कायद्याशी बांधलेली आहे. ती लंडनमध्येच राहू द्या आणि गोष्ट सांगणाऱ्या बायका मात्र आपल्या ठेवा. आमच्या नाटकात कापूस वेचणाऱ्या दोन बायका अहिराणीत गोष्ट सांगायच्या आणि लंडनची सगळी पात्रं साध्या मराठीत बोलायची. पहिल्याच प्रवेशात एडिथ येऊन उभी राहते आणि एक बाई म्हणते, "आवं माय, इतलीशी बाई!" तिथून पुढे प्रेक्षक आमचे होते. चालेल का, या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आलं.

एडिथ खरंच इतलीशी होती. उंची चार फूट अकरा इंच. जन्म १८७२ चा, बाथ गावचा. नवरा विल्यम व्यायाम शिकवायचा. दोघं सादाकाझु उयेनिशी या जपानी उस्तादाकडे जुजुत्सू शिकले आणि १९०८ मध्ये उस्ताद इंग्लंड सोडून गेल्यावर त्यांची लंडनच्या सोहो भागातली तालीम या दोघांनी चालवायला घेतली. बायकांचे आणि मुलांचे वर्ग एडिथकडे आले. त्याआधी १९०७ च्या एका छोट्या मूकपटात ती अंगावर आलेल्या भामट्यांना लोळवताना लोकांनी पाहिली होती. म्हणजे ती आधी लोकांसमोर खेळ करून दाखवणारी बाई आहे, चळवळ तिच्या आयुष्यात नंतर येते. हा क्रम संहितेत उलटा करू नका. एवढीशी बाई धिप्पाड माणसाला उचलून आपटते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना पटत नाही, हे तिला रंगमंचानं शिकवलं. नाटकाचं सगळं बळ इथेच आहे.

मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांच्या सभेत ती गेली तो प्रसंग जरूर घ्या. ठरलेलं असं असायचं की विल्यम बोलणार आणि ती प्रात्यक्षिक करणार. एकदा विल्यम आजारी पडला. बोलायचं कुणी? चळवळीच्या नेत्या एमेलिन पँखर्स्ट म्हणाल्या, तूच बोल. एडिथनं म्हातारपणी ही आठवण सांगितलेली आहे. आमच्या एडिथला या प्रवेशात मी एकही भाषण दिलं नाही. ती तोंड उघडते, शब्द सापडत नाही, मग सभेत बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसाला वर बोलावते आणि त्याला पाडते. पडल्यावर सुचेल तसं बोलायला लागते.

तिच्या वर्गात चळवळीतल्या बायका यायला लागल्या. १८ नोव्हेंबर १९१० ला सुमारे तीनशे बायका पार्लमेंटवर गेल्या आणि पोलिसांनी व बघ्यांनी त्यांना काही तास ढकललं, पिळलं, जमिनीवर आपटलं. त्या दिवसाला काळा शुक्रवार म्हणतात. त्या बायकांत पंजाबचे शेवटचे महाराजा दुलीपसिंग यांची मुलगी सोफिया होती. आपल्या पोरींना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ही गोष्ट आपलीही आहे असं दिसलं. तेव्हा सोफियाला दोन वाक्यं तरी द्या.

मग १९१३ चा कायदा. तुरुंगात उपोषण करून अशक्त झालेल्या बाईला सोडायचं, घरी जरा सावरली की पुन्हा पकडायचं. लोक त्याला मांजर-उंदराचा कायदा म्हणायचे. या बायकांना, विशेषतः एमेलिनबाईंना, पुन्हा पकडू द्यायचं नाही म्हणून पंचवीस-तीस जणींचं अंगरक्षक पथक उभं राहिलं आणि त्यांना शिकवलं एडिथनं. पोलिसांच्या दंडुक्यांपासून बचाव म्हणून त्या कपड्यांच्या आत पुठ्ठे बांधायच्या, आणि झग्यात लपवून न्यायच्या ते काय, तर मुद्गल! आपल्या तालमीतले मुद्गल. इंग्रजांनी हा व्यायाम हिंदुस्थानात पाहिला, उचलला आणि मायदेशी नेला. आपल्या आखाड्यांत जे फिरवायला बायकांना सहसा कुणी बोलावलं नाही, ते लंडनच्या रस्त्यावर बायकांच्या हातात होतं. आम्ही गावातल्या जुन्या तालमीतून एक जोडी मागून आणली. तालीम सांभाळणाऱ्या दादांनी स्वतः येऊन मुलींना ती कशी धरायची दाखवलं. ती जोडी नुसती स्टेजवर ठेवली तरी कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. याच बाबतीत मी चुकले होते.

पहिल्या आठवड्यात मी मुलींना फेकायला शिकवलं. उत्साह होता, पटकन काहीतरी दिसावं असं वाटत होतं. चौथ्या दिवशी एक मुलगी मागे पडली, तिनं सवयीनं हात मागे टेकवला आणि मनगट मुरगळलं. तीन आठवडे पट्टी. चूक माझी होती. ज्युदोत मला स्वतःला पहिले कित्येक दिवस फक्त पडायला लावलं होतं आणि तेच मी विसरले. म्हणून मनापासून सांगते, या नाटकाची तालीम पडण्यापासून सुरू करा. किमान तीन आठवडे, रोज अर्धा तास, नुसतं पडणं.

असं करा. मुलगी उकिडवी बसते, हात समोर. पाठ गोल करून ती मागे लोळते आणि पाठ गादीला लागते त्याच क्षणी दोन्ही हात खांद्यापासून सरळ, अंगापासून थोडे बाजूला, तळव्यासकट गादीवर आपटते. कोपर नाही, पूर्ण हात. मार सगळ्या हातावर वाटला जातो, मनगटावर किंवा कोपरावर एकवटत नाही. सगळ्यात जपायचं ते डोकं. हनुवटी छातीला लागलेली हवी. "मान आत घे" असं शंभर वेळा सांगून मुली विसरतात. आमच्या मुली ओढणी कमरेला गाठ मारून बांधायच्या, त्यावरून एकीनंच शोधून काढलं: पडताना ओढणीच्या गाठीकडे बघायचं. गाठ दिसतेय म्हणजे मान आत आहे. त्या दिवसापासून तालमीत एकच ओरडा, "गाठ बघ!"

उकिडव्यानं जमलं की अर्धं उभं राहून, मग पूर्ण उभं राहून. मग बाजूला पडणं. शेवटी कुणीतरी फेकल्यावर पडणं. यात एक गोष्ट घडते. आपल्याकडच्या मुली लहानपणापासून "पडशील, सांभाळ, हळू" हेच ऐकत मोठ्या होतात. आमच्यातली एक जण पहिले चार दिवस गादीजवळ येऊन परत जायची. पाचव्या दिवशी पडली, हात आपटले, मोठा आवाज झाला, आणि उठून बसून स्वतःच्या लाल झालेल्या तळव्यांकडे बघत राहिली. मी विचारलं, "काय व्हयनं? लागनं का?" ती म्हणाली, "नही." आणि लगेच पुन्हा पडली. पुढे पोलिसाचं काम तिनंच केलं.

हो, पोलिसाचं काम मुलीलाच द्या. उंच, अंगानं भक्कम मुलगी निवडा. एक तर मुलांबरोबर धरपकडीची तालीम म्हटलं की घरून नकार येतो आणि त्यात पंधरा दिवस जातात. दुसरं म्हणजे स्टेजवरच्या फेकीत खरं काम पडणारीचं असतं. फेकणारी दिशा देते, पडणारी उडी घेते. म्हणून तुमची सगळ्यात तयार मुलगी एडिथ नाही, पोलीस करा.

डाव तीनच ठेवा, जास्त नको. धरलेलं मनगट सोडवणं: समोरच्याचा अंगठा जिकडे आहे तिकडे हात वळवायचा, कारण पकड तिथेच सुटते. दुसरा, ढकलणाऱ्याच्या जोरालाच वाट देऊन बाजूला होणं. तिसरा, कमरेवरून फेकणं. या तिसऱ्यात एडिथच्या उंचीचं मर्म आहे. तुमची कंबर समोरच्याच्या कमरेखाली गेली तरच तो उचलला जातो. उंच माणसाला त्यासाठी गुडघे खूप वाकवावे लागतात. बुटकी बाई आधीच तिथे असते. हे प्रेक्षकांना दाखवा. आम्ही एकदा ती फेक अगदी संथ करून दाखवली, मधेच थांबवली, आणि अहिराणी बोलणाऱ्या बायकांपैकी एकीनं वाकून दोघींच्या कमरा बोटानं दाखवल्या. मग तीच फेक पूर्ण वेगात. लोकांना ती तिथे समजली.

तालीम नेहमी पाव वेगात. फेकीआधी दोघींची नजरानजर व्हायलाच हवी, ती झाली नाही तर डाव सोडून पुढचं वाक्य म्हणायचं. प्रत्येक प्रयोगाआधी सगळ्या मारामाऱ्या एकदा संथ करून घ्यायच्या, प्रयोग कितीही लहान असो. आणि प्रयोगात उत्साहानं कुणी नवीन काही करायचं नाही.

गाद्यांबद्दल. कापसाचा मुलूख आपला, घरोघरी गाद्या आहेत, म्हणून आम्ही त्याच आणल्या. घरची गादी मऊ असते, पाय रुततो, घोटा वळतो. जुन्या गादीत गोळे होतात. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घट्ट भरून घ्या, गाद्या एकमेकींना शिवून टाका आणि वरून जाड ताडपत्री ताणून खाली बांधा. सुरकुती राहिली तर त्यातच बोट अडकतं. ताडपत्रीचा आणखी एक फायदा: हात आपटल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. आम्ही मारामारीला वेगळं संगीत ठेवलंच नाही.

कपड्यांवर फार खर्च करू नका. घेरदार गडद परकर, उंच गळ्याचा पांढरा ब्लाऊज, खांद्यावरून जांभळा-पांढरा-हिरवा पट्टा. हे तीन रंग त्या चळवळीचेच आहेत. परकर घोट्याच्या वरच ठेवा आणि आत लेगिंग्ज. परकर घालूनच तालीम करा, शेवटच्या दिवशी घातला तर सगळे डाव चुकतात.

दोन प्रवेश मी कुणी कितीही सांगितलं तरी कापणार नाही. एक, तालमीत लपण्याचा. खिडक्या फोडून आलेल्या बायका एडिथच्या तालमीत धावत येतात, हातोड्या चटयांखाली सारतात, भराभर सरावाचे कपडे चढवतात, आणि पोलीस दारात येतात तेव्हा आत बायकांचा वर्ग चाललेला असतो. एडिथ त्यांना शांतपणे सांगते की बायका कपड्यांत नीट नाहीत, बाहेर व्हा. खिडक्या फोडणं बरोबर होतं का, असं आमच्या मुलींनी विचारलं होतं. त्यांच्यात दोन दिवस भांडण झालं आणि शेवटी तोच वाद आम्ही संहितेत घातला. या बायकांना धुऊन पुसून सोज्वळ करू नका.

दुसरा, ग्लासगोचा. ९ मार्च १९१४. सभागृहात एमेलिनबाई बोलायला उभ्या राहतात, व्यासपीठाच्या कडेला फुलांच्या माळा, त्यांच्या आत काटेरी तार. पोलीस चढून येतात, हात रक्तबंबाळ होतात, मुद्गल आणि दंडुके चालतात. आणि तरीही पोलीस एमेलिनबाईंना धरून नेतात. पथक हरतं. आम्हाला एका परीक्षकांनी सुचवलं की शेवट विजयावर करा. मी केला नाही. त्या रात्री हरल्या, ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झालं आणि चळवळच थांबवली गेली, १९१८ मध्ये तीस वर्षांवरच्या काही बायकांना मत मिळालं आणि पुरुषांच्या बरोबरीनं मिळायला १९२८ उजाडलं. एडिथ हे सगळं बघून १९७१ पर्यंत जगली, नव्व्याण्णव वर्षं.

१९११ मध्ये तिचं एक छोटं नाटुकलं व्यायामाच्या नियतकालिकात फोटोंसकट आलं होतं: दारू पिऊन आलेला नवरा आणि जुजुत्सू येणारी बायको. आम्ही ते नाटकातलं नाटक म्हणून, आमच्या शब्दांत लिहून, पाच मिनिटं केलं. एका खेड्यातल्या प्रयोगात तो नवरा झोकांड्या देत आला आणि बायकांच्या बाजूची कुजबुज एकदम थांबली. इतका वेळ हसणाऱ्या बायका गप्प झाल्या. तो पडला तेव्हा टाळ्या आल्या, पण उशिरा आल्या. तुम्ही हा प्रवेश घेणार असाल तर नवऱ्याला विनोदी करू नका.

प्राचार्य किंवा पालक विचारतील की मुलींना मारामारी कशाला. त्यांना सांगा, स्वतःच्या बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये दिलेला आहे. जुन्या दंड संहितेत तो ९६ ते १०६ मध्ये होता. बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची मुभा त्यात नाही, हेही सांगा. आमच्याकडे एवढ्यानं भागलं.

बाकी किरकोळ. कुणाचं इंग्रजी नाटक परवानगीशिवाय भाषांतरित करू नका. इतिहास सगळ्यांचा आहे, संहिता स्वतः लिहा. ती वेळेत रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्या. तालीम दुपारी बारा ते दोन ठेवा, खेड्यावरच्या मुलींची एसटी चुकली की दुसऱ्या दिवशी घरून सोडत नाहीत. आणि श्रावणात कानबाईच्या सणाच्या आठवड्यात तालीम लावू नका, सगळ्या रोटांच्या नैवेद्याच्या कामात असतात, एकही येणार नाही. ताडपत्री आणि शिवलेल्या गाद्या आमच्याकडे अजून आहेत. तारखा ठरल्या की इथेच लिहा, टेम्पो तुमचा, गाद्या आमच्या.