विज्ञान दिनाला मुलीला आयुकात नेऊ की खोडदला?

तुम्ही विचारलंय की मुलगी नववीत आहे, राहायला पुण्यात, २८ फेब्रुवारीला विद्यापीठातल्या आयुकात (खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत) जावं की गाडी काढून खोडदला जीएमआरटीच्या, म्हणजे तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, विज्ञान प्रदर्शनाला, आणि ती कंटाळणार तर नाही ना. अख्खा दिवस मोकळा काढता येत असेल तर डोळे झाकून खोडद.

आयुका कमी आहे असं नाही हां. चार्ल्स कोरियांनी डिझाइन केलेला तो परिसर, आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइनचे पुतळे, पुलंच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिलेली मुक्तांगण विज्ञानशोधिका, सगळं बघण्यासारखंच आहे, पण ते गावातच आहे, पुढे कधीतरी जमेल. खोडद म्हणजे नारायणगावच्या पुढे, पुण्याहून ऐंशीएक किलोमीटर, तिकडे मुद्दाम ठरवल्याशिवाय जाणं होत नाही.

तिथे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणाऱ्या, ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० डिश आहेत, १४ मधल्या भागात जवळजवळ आणि बाकीच्या तीन दिशांना २५ किलोमीटरच्या पट्ट्यात शेतांमधून पसरलेल्या. फोटोत भरीव वाटतात पण खाली उभं राहून वर बघितलं ना की आरपार आभाळ दिसतं, कारण ती स्टीलच्या बारीक तारांची जाळी आहे. वारा त्यातून निघून जातो म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही आटोक्यात राहिला, ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांचं डोकं ते! मुलीला तिथेच विचारा की मग रेडिओ लहरी जाळीतून निसटत का नाहीत. (लहरींची लांबी वीसेक सेंटिमीटर आणि त्याहून जास्त, जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची, पण लगेच सांगू नका.) नवीन काय म्हणाल तर मध्यंतरी मोठं अपग्रेड झालं, डिश त्याच पण रिसीव्हर आणि मागची इलेक्ट्रॉनिक्स बदलली, आधी एका वेळी फ्रिक्वेन्सींचा ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकू यायचा तो आता ४०० पर्यंत गेलाय.

पण डिशपुढे फोटो काढून परत फिरू नका, खरी मजा मंडपात आहे. आसपासच्या झेडपी शाळांपासून इंजिनीअरिंग कॉलेजपर्यंतची पोरं आपापले प्रोजेक्ट मांडून बसतात. थर्माकोलचा ज्वालामुखी असतोच, तो सोडून द्या. मला लक्षात राहिलाय तो उसाच्या फडाजवळ बिबट्या आला की भोंगा वाजवणारा सेन्सर. जुन्नर तालुक्यात बिबट्या म्हणजे रोजचा विषय, त्यामुळे हा प्रोजेक्ट पुस्तकातून उचललेला नव्हता. मांडणारी मुलगी आधी पाठ केलेलं भाषण धडाधड म्हणत होती, मी मधेच विचारलं, कुत्रं आलं तर? ती थांबली, हसली, म्हणाली सर कुत्र्याला पण वाजतो, मांजराला पण, वाऱ्याने पाचट हललं तरी वाजतो, म्हणून आम्ही सेन्सर वर सरकवला तर बिबट्याच खालून जाईल अशी पंचाईत. आणि मग कुठल्या उंचीवर लावायचा यावर तिने आणि तिच्या पार्टनरने माझ्यासमोरच भांडण काढलं. तुमच्या मुलीला असल्या स्टॉलवर उभं करा, "हे काय आहे" विचारण्याऐवजी "चाललं नाही तेव्हा काय केलं" असं विचारायला सांगा, पोरं भाषण विसरून बोलायला लागतात.

बाकी, सकाळी लवकर निघा, दुपारी शाळांच्या बसेस आल्या की गर्दी होते आणि ऊन फेब्रुवारीचं असलं तरी मोकळ्या माळावर चांगलंच लागतं, टोपी-पाणी घ्या. मोबाईल बंद ठेवायला सांगितलं तर कुरकुर करू नका, आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की आपला फोन त्यापुढे बोंबाबोंब करतो. प्रदर्शन बहुतेक दोन दिवस असतं, यंदाच्या वेळा निघायच्या आधी वेबसाइटवर बघून घ्या. नाश्त्याला नारायणगावात थांबा, मिसळ झणझणीत मिळते.