सगळे ‘हो’ म्हणतात, मग काम का अडतं?

प्रश्न : ताई, धुळे जिल्ह्यातल्या एका स्वायत्त महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली. अधीक्षक अस्सल अहिराणी बोलणारे, आवाज मोठा. संगणकाचं काम पाहणारा तरुण हैदराबादचा, मराठी जेमतेम. एक लिपिक नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडचे, पावरा या आदिवासी समाजाचे. बैठकीत तोंड उघडत नाहीत. मागच्या निकालात गैरहजर विद्यार्थ्यांपुढे शून्य पडलं आणि सगळी गुणपत्रकं पुन्हा तपासावी लागली. अधीक्षक म्हणतात ‘मी सांगितलं होतं’, तो तरुण म्हणतो ‘मला कुणी सांगितलंच नाही’. त्यात लिपिकांच्या होळीच्या रजेवरून कुरबूर झाली. माणसं वाईट नाहीत. काय करू?
— एक वाचक

उत्तर : माझी सगळी नोकरी महाविद्यालयांच्या कार्यालयांत गेली, आधी शहाद्याला, मग अमळनेरला. तुम्ही लिहिलंय ते दोघंही खरं बोलत असणार. अधीक्षकांनी सांगितलं असेल, पण कसं? उभ्या उभ्या, टेबलापलीकडून, ‘काय करी राह्यना रे भो’ म्हणत, अहिराणीत. त्या पोरानं मान हलवली, कारण वयानं मोठ्या माणसाला चारचौघांत पुन्हा विचारणं त्याला उद्धटपणा वाटला असेल. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला खान्देशात काय नि हैदराबादेत काय, सगळे ‘हो’च म्हणतात. तो प्रश्न विचारणं सोडा. त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि म्हणा, ‘हा मुलगा पेपरला आलाच नाही. त्याच्या रकान्यात काय टाकणार, टाकून दाखवा.’ एक नोंद पडद्यावर झाली की चूक तिथल्या तिथे दिसते. मग तीच सूचना मराठीत आणि इंग्रजीत दोन ओळींत लिहून दोघांची सही घ्या. पेपरला बसून शून्य मिळवणारा आणि न बसलेला, दोघांचा निकाल एकच लागला तर नुकसान मुलाचं होतं, म्हणून एवढा आग्रह धरते.

चहाच्या वेळची अहिराणी मात्र बंद करू नका. ती गेली तर कार्यालयातला जिव्हाळा जाईल. फक्त कामाचं काही त्या गप्पांत ठरलं, तर ते सगळ्यांना कळेल अशा भाषेत पुन्हा सांगायचं, हे अधीक्षकांनाच करायला सांगा. आवाज चढला म्हणजे भांडण नव्हे, हे त्या तरुणाला तुम्ही स्वतः सांगा. त्याला ते आपोआप कळणार नाही.

लिपिकांच्या गप्प राहण्याला ‘त्यांच्याकडची पद्धत’ असं नाव देऊन मोकळे होऊ नका. आधी त्यांनाच विचारा. अधीक्षक बोलून झाल्यावर कुणाला बोलायला जागा उरते का, तेही पाहा. बैठकीचे विषय आदल्या दिवशी हातात द्या आणि त्यांच्या टेबलाच्या कामावर पहिलं बोलणं त्यांचं ठेवा.

आता रजा. इथे मला राग येतो. श्रावणात कानबाई देवीचा रविवार झाला की सोमवारी विसर्जनाला अर्धं कार्यालय रिकामं असतं, कुणी हूं की चूं करत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येणार म्हणून रजा मागितली तर साहेब हसून सही करतात. आणि धडगावच्या माणसानं भोंगऱ्या बाजारासाठी, होळीसाठी चार दिवस मागितले की ‘होळी तर एकच दिवस असते’! सातपुड्यात ती एका दिवसात उरकत नाही. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार गावोगाव भरतात, होळ्याही वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या दिवशी पेटतात, काठी गावच्या राजवाडी होळीला दूरदूरची माणसं रात्रभर नाचतात. सुट्ट्यांच्या यादीत यातलं काही नाही, म्हणून अर्जावर बिचारे ‘वैयक्तिक कारण’ लिहितात. 2011च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात आदिवासींचं प्रमाण 69 टक्क्यांच्या वर होतं. आजच्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या भागासाठी 1990मध्ये विद्यापीठ उभं राहिलं, 2018मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. त्या पट्ट्यातल्या कार्यालयाला फाल्गुन कधी येतो ते ठाऊक असायलाच हवं.

जानेवारीतच प्रत्येकाकडून वर्षभरात कोणते दिवस लागणार ते लिहून घ्या. हैदराबादच्या मुलालाही विचारा. त्याचा उगादी गुढीपाडव्याच्याच दिवशी असतो, पण त्याला घर गाठायला आदला दिवसही लागेल. ते दिवस वगळून गुणनोंदणीचं वेळापत्रक लावा, आणि यंदाच्या रजेचा अर्ज अडला असेल तर तो उद्याच मंजूर करा.