एकेक विधान तपासताना

प्रिय विद्यार्थी मित्रा,

अनेक आशीर्वाद.

‘शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूच्या जीवनाची चार पुस्तकं (मत्तय, मार्क, लूक, योहान), इतिहास म्हणून विश्वासार्ह आहेत का?’ हा तुझा प्रश्न वाचला. तो असाच धरून बसलास तर हो-नाहीच्या वादात वर्षं जातील. अभ्यासक सबंध पुस्तकावर एकच शेरा मारत नाहीत. एकेक विधान सुटं करून पारखतात.

लूकचंच बघ. येशूचा जन्म तो हेरोद राजाच्या काळात घालतो आणि सीरियाचा सुभेदार क्विरिनियस याच्या वेळच्या शिरगणतीशी जोडतो. पण यहूदी इतिहासकार जोसेफसच्या हिशेबाने ती शिरगणती इ.स. ६ ची, आणि हेरोद बहुतेकांच्या मते इ.स.पू. ४ मध्येच वारला होता. हा मेळ बसवण्याचे खूप प्रयत्न झाले. मला त्यातला एकही पटलेला नाही. मात्र याच लेखकाच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल याला ग्रीसमधल्या करिंथात गल्लियो या रोमन अधिकाऱ्यासमोर नेल्याचं येतं, आणि डेल्फीला मिळालेल्या सम्राट क्लॉडियसच्या शिलालेखात गल्लियोचं नाव आहे. काळ ठरतो इ.स. ५१-५२ च्या सुमाराचा. पौलाच्या आयुष्याचा कालक्रम लावताना सगळे याचाच आधार घेतात.

आता येशूच्या बाप्तिस्म्याकडे ये. चारही शुभवर्तमानं समोरासमोर ठेवून वाच. मार्क, चौघांत बहुधा सर्वांत जुना, सरळ सांगतो: योहान नावाचा संदेष्टा (शुभवर्तमानाचा योहान नव्हे) पापक्षमेसाठी बाप्तिस्मा देत होता आणि येशूने तो त्याच्याकडून घेतला. मत्तयमध्ये योहान आधी नको म्हणतो: मीच तुमच्याकडून घ्यायला हवा. लूक योहानाच्या कैदेची हकिगत आधी सांगून मग बाप्तिस्मा ओझरता उरकतो. चौथ्या शुभवर्तमानात योहान साक्ष देतो, पण बाप्तिस्म्याचा प्रसंगच नाही. येशूने दुसऱ्याकडून पापक्षमेचा बाप्तिस्मा घ्यावा, ही अनुयायांना अवघडवणारी गोष्ट ते स्वतः कशाला रचतील? शिवाय योहान बाप्तिस्मा देत असे, हे जोसेफसही स्वतंत्रपणे सांगतो. म्हणून ही घटना बहुतेक अभ्यासक पक्की धरतात.

तरी ‘अवघडवणारी म्हणून खरी’ या कसोटीवर फार विसंबू नकोस. कुणाला काय अवघड वाटलं असेल, हे आपण आज ठरवतो. खुद्द मार्कला तर अवघडल्याची खूण दिसत नाही. अलीकडे अभ्यासकांनीच या कसोट्यांवर कडक टीका केली आहे आणि ती मला योग्य वाटते.

बाहेरची साक्षही तपासूनच घ्यायची. जोसेफसच्या यहूदी इतिहासाच्या ग्रंथातल्या अठराव्या खंडात येशूबद्दल ‘तो ख्रिस्त होता’ असं वाक्य आहे. ख्रिस्त म्हणजे यहूद्यांना अपेक्षित असलेला तारणारा; येशूला न मानणारा यहूदी माणूस असं लिहील? पुढे ख्रिस्ती नकलकारांनी मजकुरात भर घातली, असं बहुतेकांचं मत आहे. विसाव्या खंडातला, ‘ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ’ याकोब याचा उल्लेख मात्र बहुतेकांना अस्सल वाटतो.

आणि वाचन शुभवर्तमानांपासून सुरू करू नकोस. पौलाची सात पत्रं निर्विवादपणे त्याची मानतात, आणि ती शुभवर्तमानांच्याही आधीची आहेत. गलतीकरांसच्या पत्राचा पहिला अध्याय उघड. तिथे पौल स्वतः लिहितो की आपण केफाकडे (म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे) पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटलो. हा अध्याय वाचून झाला की ‘प्रेषितांची कृत्ये’च्या नवव्या अध्यायाशी ताडून बघ आणि दोन्हींत जिथे पटत नाही त्या जागा मला लिहून पाठव.

तुझे,
सर