प्लेटिंगच्या जुन्या शेडवर इमारत: मुरूम नंतर, आधी माती तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उद्यमनगरात वडिलांचं क्रोम-निकेल प्लेटिंगचं (धातूच्या वस्तूंवर मुलामा चढवण्याचं) शेड होतं, आता ते पाडून खाली दुकानं आणि वर फ्लॅट काढायचेत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय, वरची दोन फूट माती काढू, मुरूम भरू, विषय संपला.

विषय संपत नाही. प्लेटिंगची घाण प्लॉटभर सारखी पसरलेली नसते. ती टाक्यांच्या खाली, गटारीच्या कडेने आणि शोषखड्ड्याभोवती साठते. टाक्या होत्या तिथली शहाबादी फरशी उचलून बघा. सांध्यांखालची माती पिवळट-हिरवी झालेली आणि भिंतीच्या बुडाला पिवळा खार धरलेला दिसला, तर तो हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचा विषारी प्रकार, असण्याची दाट शक्यता आहे. तो कॅन्सरकारक आहे आणि पाण्यात सहज विरघळतो. पावसाच्या पाण्याबरोबर तो मुरमात उतरतो आणि खडकाच्या भेगांतून शेजाऱ्याच्या बोअरपर्यंत पोचू शकतो. दोन फुटांचा हिशेब त्याला लागू नाही.

फरशीला हात लावण्याआधी एक गोष्ट. तिथे कधी झिंक किंवा कॉपर प्लेटिंग झालं असेल तर सायनाइड वापरलेलं असू शकतं. टाकीच्या तळाचा गाळ धुवायला कुणालाही ॲसिड ओतू देऊ नका. हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि माणूस जागच्या जागी जातो. पाडकामाच्या मजुरांना हे कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा.

आता नमुने. शेतातली माती तपासायला देताना आपण चार ठिकाणची एकत्र करून देतो. इथे तसं अजिबात करू नका, चांगल्या मातीत वाईट माती मिसळून आकडा गोंडस दिसतो. टाकी, गटार, शोषखड्डा, प्रत्येकाचा नमुना वेगळा घ्या, आणि प्रत्येक ठिकाणी वरचा, मधला, खालचा असा खोलीप्रमाणे. वडिलांच्या वेळचा एखादा जुना कामगार भेटला तर त्याला जागेवर घेऊन या. कुठली टाकी कुठे होती, पाणी कुठे सोडायचे, हे नकाशापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

लॅबला 'एकूण क्रोमियम' आणि 'हेक्साव्हॅलंट क्रोमियम' वेगवेगळं मागा. आपली माती बेसॉल्टची, तिच्यात क्रोमियम आणि निकेल मुळातच असतं. किलोला शंभर मिलिग्रॅमचा एकूण आकडा बघून लोक उगाच घाबरतात. म्हणून कधीच कारखाना नव्हता अशा जवळच्या, तशाच मातीच्या जागेचा एक नमुना तुलनेला घ्या. बोअरचं पाणीही तपासा. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे.

माती खराब निघाली तर ती खरमाती म्हणून ट्रॉलीवाल्याला देऊ नका. ती कुणाच्या तरी सखल शेतात नाहीतर पंचगंगेच्या काठाला जाऊन पडेल, आणि हे मला खरंच सहन होत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घेऊन, मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला याची नोंद) भरून ती अधिकृत घातक कचरा केंद्रात जायला हवी, रांजणगावला तशी सोय आहे. प्रमाण कमी असेल तर फेरस सल्फेटने जागेवरच उपचार होऊ शकतो. ईटीपीत (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत) संत्री पाणी हिरवं होतं, तेच रसायन इथेही चालतं; पण ते जाणकाराच्या देखरेखीखाली, आणि नंतर पुन्हा तपासणी करून. केंद्राने २०२५ मध्ये दूषित जागांसाठी वेगळे नियम काढलेत आणि त्यात खर्च प्रदूषण करणाऱ्यावर टाकलाय, तेव्हा वकिलाशी आत्ताच बोला.

आराखड्याचं म्हणाल तर तळाशी दुकानांऐवजी पार्किंग घ्या आणि सगळीकडे काँक्रीट करा. शेडमध्ये सुटे भाग ट्रायक्लोरोमध्ये (ट्रायक्लोरोइथिलीन, तेलकटपणा काढायचं द्रावण) धूत असतील तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण त्याची वाफ जमिनीतून वर येऊन बंद खोलीत साठते. जुनी बोअर नुसती झाकण लावून सोडू नका. पाण्याचा नमुना काढला की ती सिमेंटच्या ग्राउटने (पातळ गिलाव्याने) तळापासून बुजवून घ्या, नाहीतर वरची घाण थेट खाली न्यायची नळीच तयार राहते.