कबड्डीच्या सामन्यात पंचाला मारहाण झाली, तर कायदा काय संरक्षण देतो?

पंचांसाठी आपल्याकडे वेगळा केंद्रीय कायदा नाही. फ्रान्सने २००६ मध्येच पंचांना सार्वजनिक सेवेचं संरक्षण दिलं. इथे मात्र मंडळाच्या स्पर्धेतला पंच कायद्याच्या नजरेत साधा नागरिकच. सरकारी शाळेतले क्रीडाशिक्षक शासकीय स्पर्धेत नेमणुकीच्या आदेशावर पंच असतील, तर लोकसेवकावरील हल्ल्याची कलमं (भारतीय न्याय संहिता १२१, १३२) लागू शकतात. म्हणून तो आदेश जपून ठेवा.

बाकीच्यांचं घोडं अडतं ते एनसीवर, म्हणजे पोलिसांच्या अदखलपात्र नोंदीवर. साध्या मारहाणीचं कलम ११५(२) अदखलपात्र आहे; दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. हाड मोडलं, दात पडला किंवा १५ दिवस रोजची कामं करता आली नाहीत, तर ती गंभीर दुखापत: कलम ११७(२), दखलपात्र, सात वर्षांपर्यंत शिक्षा. त्यामुळे आधी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात एमएलसी (पोलीस प्रकरणासाठी जखमांची वैद्यकीय नोंद) करून घ्या. डॉक्टरांना प्रत्येक जखम दाखवा, हलणारा दातसुद्धा. जे कागदावर नाही ते पुढे सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

गुणपत्रिकेवर घटनेची वेळ आणि खेळाडूचा क्रमांक लिहून दोन्ही संघनायकांच्या सह्या घ्या. मोबाईलवरचं मूळ चित्रीकरण पुसू नका, व्हॉट्सॲपवर आलेली प्रत पुराव्याला कच्ची पडते. संघटनेची बंदी ही वेगळी कारवाई. तिच्या भरवशावर तक्रार लांबवू नका.