विकसनशील देशांतल्या कंपन्यांना परदेशात हातपाय पसरून खरंच फायदा होतो का?

मी रत्नागिरीत वाणिज्य शिकवतो, तेव्हा हा प्रश्न वर्गातही येतो. होतो, पण काय विकत घेतलं आणि कितीला घेतलं, त्यावर सगळं आहे.

आधी एक फरक. इथल्या मिरकरवाडा बंदरात उतरलेल्या मासळीची सुरिमी (माशाचा प्रक्रिया केलेला लगदा) होऊन ती परदेशात जाते, ती झाली निर्यात. एखादं गिऱ्हाईक तुटलं तर माल दुसरीकडे वळवता येतो. परदेशातला अख्खा कारखाना घेतला की तिथले कामगार, त्यांची पेन्शन, तिथलं सरकार, सगळंच गळ्यात पडतं.

टाटांचेच दोन सौदे बघा. कोरस या ब्रिटिश-डच पोलाद कंपनीसाठी टाटा स्टीलने ऑक्टोबर २००६ मध्ये शेअरमागे ४५५ पेन्स देऊ केले. मग ब्राझीलची पोलाद कंपनी सीएसएन बोलीत उतरली आणि जानेवारी २००७ मध्ये सौदा ६०८ पेन्सवर पटला. म्हणजे विकसनशील देशांतल्या दोन कंपन्यांनीच एकमेकींचा भाव चढवला आणि चांदी झाली कोरसच्या भागधारकांची! पुढच्याच वर्षी मंदी आली, पोलादाची मागणी कोसळली, कर्ज मात्र तसंच राहिलं. कोरसकडून आलेल्या वेल्समधल्या पोर्ट टॅल्बॉट कारखान्याची शेवटची झोतभट्टी सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाली. टाटा स्टीलची खरी ताकद म्हणजे स्वतःच्या लोहखनिजाच्या खाणी. ब्रिटनमध्ये त्यांचा काय उपयोग?

जॅग्वार लँड रोव्हर २००८ मध्ये फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरना घेतली. सुरुवातीला तीही अंगाशी येणार असं वाटत होतं. पण तिथे ब्रँड आणि डिझाइन मिळालं, जे पुण्यात बसून दहा वर्षांतही उभं राहिलं नसतं. पुढे चीनमध्ये गाड्या खपल्या आणि कित्येक वर्षं टाटा मोटर्सचा बहुतेक नफा जॅग्वार लँड रोव्हरमधूनच आला. आता तिथेही चढउतार आहेतच.

आणि जिथे जायचं, तिथल्या लोकांचंही काही म्हणणं असतं. सौदीच्या अरामको या तेल कंपनीने २०१८ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या नाणारच्या रिफायनरीसाठी करार केला. स्वतःच्या कच्च्या तेलाला कायमचं गिऱ्हाईक मिळावं, हा सरळ हिशोब. पण स्थानिकांच्या विरोधापुढे २०१९ मध्ये भूसंपादनाची अधिसूचनाच रद्द झाली. मग रिफायनरीसाठी जवळच्या बारसूचं नाव पुढे आलं, तर २०२३ मध्ये तिथेही लोक विरोधात उभे राहिले.

एखादी कंपनी तपासायची असेल तर वार्षिक अहवालात देशवार विक्री, कर्ज आणि परदेशी खरेदीवर किती रक्कम बुडीत धरली, एवढं आधी बघा. अध्यक्षांचं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल.