पोस्टडॉकसाठी जर्मनीत यावं का? मुलगी तिसरीत आहे म्हणून सांगते

एचडीएलमधून, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांमधून, कॅन्सरचं औषध पोचवण्याच्या कामावर जर्मनीत पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी) मिळतेय, मुलगी तिसरीत आहे, यावं का, असं तुम्ही विचारलंत. व्हिसाच्या कागदांची यादी वकिलातीच्या साइटवर आहे, ती मी लिहीत नाही.

कामासाठी नक्की या. एचडीएल म्हणजे शरीरानेच घडवलेला 7 ते 13 नॅनोमीटरचा कण, त्यामुळे शरीर त्याला सहसा परका मानत नाही. कोलेस्टेरॉलला हपापलेल्या कित्येक कॅन्सरपेशींवर त्याच्यातला माल उतरवून घेणारा एसआर-बी1 रिसेप्टर (पेशीवरचं पकडणारं प्रथिन) भरपूर असतो. 2018 मध्ये मंजूर झालेलं पॅटिसिरॅन हे आनुवंशिक आजारावरचं औषधसुद्धा रक्तात आपल्याच, चरबीचे कण वाहताना लागणाऱ्या अपो-ई प्रथिनाचं पांघरूण घेऊन यकृतात शिरतं. रक्तातले कण वेगळे करायला अतिवेगाने फिरवणाऱ्या अल्ट्रासेंट्रिफ्यूज यंत्रातून नळी बाहेर काढली की एलडीएलचा, म्हणजे एचडीएलपेक्षा हलक्या कणांचा, केशरी-पिवळा पट्टा दिसतो. तो सिरिंजने ओढताना हात हलला, तर खालचं एचडीएल त्यात मिसळतं आणि अख्खा दिवस फुकट जातो. तरीही तो पट्टा दिसला की मला आजही आनंद होतो.

करार मात्र बारकाईने वाचा. विद्यापीठात पीएचडीनंतर मुदतीच्या करारावर साधारणपणे 6 वर्षंच ठेवतात, आणि राहण्याचं परमिट त्या करारालाच बांधलेलं. माझे बाबा आजारी होते तेव्हा परमिट संपलं होतं आणि नूतनीकरणाची तारीख मिळेना. तात्पुरता कागद हातात पडेपर्यंत मी विमानात बसू शकले नाही. तो राग गेलेला नाही.

एकटेपणा येतो, सवय होते. त्याबद्दल एवढंच.

शाळेचं मात्र अजून डाचतं. इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी माध्यमिक शाळा, मिळालं तर पुढचा रस्ता सरळ. माझ्या मुलाचं गणित वर्गात सगळ्यात चांगलं होतं, पण जर्मन नवं होतं. बाईंनी गिम्नाझियमची शिफारस दिली नाही, वर म्हणाल्या, घरी जर्मन बोला. मी घरी मराठीच बोलले, आणि आजही बोलते. तो आता दहावीत आहे, मजेत आहे. पण पालकसभेला गिम्नाझियमच्या इमारतीवरून जाताना माझ्या पोटात अजून गोळा येतो, आणि हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

तुमची मुलगी तिसरीत, म्हणजे हातात जेमतेम एक वर्ष. रुजू व्हायची तारीख कळवण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारून घ्या: त्या राज्यात शाळेची शिफारस बंधनकारक आहे का, आणि जर्मन शिकवणीसाठी तिला एक इयत्ता मागे बसवता येईल का. पगाराची घासाघीस नंतर करा.